हवेच्या बलूनवर गाडी किती उचलावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की या सदराच्या पत्रपेटीत एकच विषय गर्दी करतो: गाडी उंच कशी करायची. या वेळी बहुतेक प्रश्न हवेच्या स्प्रिंगबद्दल आहेत. बस-ट्रकचे मिस्त्री तिला बलून म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. प्रकार दोन. एक कॉइल स्प्रिंगच्या पोटात बसणारा लांबट बलून, आणि दुसरा पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत अ‍ॅक्सल व चासीच्या मध्ये उभा राहणारा, दोन वळ्यांचा जाड रबरी बलून. दोघांची कामे वेगळी नि दुखणीही वेगळी, त्यामुळे आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते ते पाहून मगच उत्तर वाचावे.

प्रश्न : माझ्याकडे पाच दरवाजांची जिम्नी आहे. पावसाळ्यात चोरल, काजलीगढकडे जाणे होते. काळ्या मातीतल्या खोल चाकोऱ्यांत गाडी पोटावर बसते. मागच्या कॉइलमध्ये बलून घालून दोन इंच उंची मिळेल, असे एका दुकानदाराने सांगितले. घालावेत का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उंची वाढेल, पण तुम्हाला हवी तिथे नाही. जिम्नीला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. चाकोरीत सर्वांत आधी टेकतो तो डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, आणि तो अ‍ॅक्सलचाच भाग आहे. अ‍ॅक्सल जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायर ठरवतो. कॉइल बदला, बलून घाला, काहीही करा, गोळा आहे तिथेच राहतो. वर जाते ती बॉडी.

टायरचा हिशोब करून पाहा. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिमी व्यासाचा. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३ मिमीच्या थोडा वर जातो, म्हणजे गोळा उचलला गेला जेमतेम ५ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर २० मिमी मिळतात, पण टायर पूर्ण वळवल्यावर आत घासायला लागतो आणि वेग सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसतो. काट्यावर ८० असेल तेव्हा गाडी ८५ च्या जवळ असते.

तुमच्या गाडीचे नेमके काय घासते ते आधी पाहा. गाडी धुण्याआधी खाली वाकून बघा. ओरखडे गोळ्यावर असतील तर बलूनचा काही उपयोग नाही. ते दारांखालच्या पट्टीवर, ट्रान्स्फर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीखालच्या) पत्र्यावर किंवा मागच्या बंपरवर असतील, तर बॉडी उचलून फायदा होईल. तरीही त्यासाठी बलून हे साधन चुकीचे, असेच आम्ही म्हणू. कारण असे.

कॉइलमधला साधारण १०० मिमी व्यासाचा बलून घ्या. त्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर. १० पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ०.७ किलो. म्हणजे १० पीएसआयला एक बलून ५५ किलो पेलतो आणि २० पीएसआयला ११०. समजा कॉइल दर मिलिमीटरला ३ किलो घेते. रिकाम्या गाडीत २० पीएसआय भरले की मागचा भाग सुमारे ३७ मिमी वर येईल. दुकानदार दाखवतो ती हीच उंची. पण शॉकअप तेवढाच लांब आहे. बॉडी ३७ मिमी वर गेली म्हणजे चाकाची खाली लोंबण्याची मोकळीक ३७ मिमीने आटली. खड्ड्यात चाक खाली जायच्या आधीच शॉकअप पूर्ण ताणला जातो, चाक हवेत लटकते आणि काळ्या चिखलात जिथे पकड लागते तिथेच ती सुटते. वर हवेमुळे स्प्रिंग कडक झालेली. परत येण्याचा जोर वाढलेला आणि तो आवरायला शॉकअप मूळचाच. त्यामुळे गाडी उड्या मारते.

त्यात उंची फक्त मागे वाढली. जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे. मागे ४० मिमी उचलले की गाडी पुढे जवळजवळ ०.९ अंश झुकते. तेवढाच पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भटकायला लागते. हेडलाइटचा झोत १० मीटरवर सुमारे १५ सेंटीमीटर खाली पडतो, हे वेगळेच.

उंची हवीच असेल तर चारही बाजूंना ३० ते ४० मिमी लांब कॉइल, त्या लांबीचे शॉकअप, कॅस्टर दुरुस्त करणारे बुश आणि ब्रेकच्या होजची लांबी तपासणे, असा पूर्ण संच घ्या. नुसती उंची घेतली तर लॅटरल रॉड (आडवे धरणारी दांडी) तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल रॉडच्या चासीकडच्या टोकाच्या दिशेने सरकतो. ९०० मिमीचा रॉड आधीच ६० मिमी उतरता असेल, तर ५० मिमीच्या लिफ्टने अ‍ॅक्सल पाचेक मिमी बाजूला जातो. हा आकडा छोटा दिसतो, पण मागून पाहिले तर चाक एका बाजूला बाहेर आलेले दिसते. बलून ठेवावा तो ओझ्यासाठी. ओझे चढल्यावर बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणे हेच त्याचे काम, आणि ते तो उत्तम करतो.

प्रश्न : आमच्या जिम्नीत कॅम्पिंगचे सामान, पाण्याचे कॅन आणि छतावर तंबू भरला की मागचा भाग ४५ मिमी खाली बसतो. कॉइलमधले बलून मागवले आहेत. आमच्या मिस्त्रीने हे काम पूर्वी केलेले नाही. कसे बसवायचे ते क्रमाने सांगाल का? (एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर)

तुमचा उपयोग योग्य आहे. काम अर्ध्या दिवसाचे आहे, मिस्त्री नवखा असला तरी चालेल, घाई मात्र नको.

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे सगळे याच आकड्यांवर चालणार आहे. कॉइलचा आतला व्यासही मोजा. फुगलेला बलून कॉइलच्या तारेला हलका टेकला पाहिजे, तारांच्या फटींतून बाहेर डोकावता कामा नये. एक ताकीद इतर वाचकांसाठी: ज्या गाडीत शॉकअप कॉइलच्या आतूनच जातो, तिथे हा बलून बसत नाही. जिम्नीत मागचा शॉकअप वेगळा आहे, म्हणून अडचण नाही.

पुढच्या चाकांना ओंडके लावा. मागून चासी उचलून चासीखालीच घोड्या (जॅक स्टँड) द्या. चाके काढा. अ‍ॅक्सलखाली ट्रॉली जॅक ठेवा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. या वेळी एका माणसाची नजर ब्रेकच्या होजवर, एबीएसच्या वायरवर आणि अ‍ॅक्सलच्या ब्रीदर पाइपवर हवी. यांतले काहीही ताणले जायला लागले की तिथेच थांबा. ओढाताणीत तुटलेली एबीएसची वायर महाग पडते.

कॉइल सैल झाली की बलूनमधली हवा दाबून काढा, तोंडाला टोपी लावा म्हणजे तो चपटाच राहील, आणि लांबीच्या बाजूने गुंडाळून तारांच्या मधून आत सरकवा. बंप स्टॉप (धक्का अडवणारा रबरी ठोकळा) कॉइलच्या आत असेल तर बलून त्याच्या लांबीत मावतो का ते आधी पाहा. लांबी जास्त झाली तर गाडी दबल्यावर बलून दुमडून चिमटतो. वर आणि खाली संचातल्या प्लास्टिकच्या चकत्या ठेवाच. कॉइलच्या टोकाला किंवा बैठकीच्या भोकाला धारदार कड असेल तर कानशीने मोडा.

आता नळी. ती नव्या धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने कापलेली नळी चपटी होते आणि पुश-फिट जोडातून हवा झिरपत राहते. बऱ्याच गळत्या याच एका कारणाने होतात. नळी आत ढकलून थोडी मागे ओढून पाहा, सुटली नाही म्हणजे बसली. सायलेन्सरच्या पाइपापासून २० सेंटीमीटर लांब न्या. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची आड घाला. हलत्या भागाजवळ थोडी सैल सोडा, बाकी चासीला क्लिपने बांधा. जादा नळी नि जोड सियागंजात न्यूमॅटिकचा माल ठेवणाऱ्या दुकानात मिळतात. नळीचा व्यास मिलिमीटरचा की इंचाचा हे विचारून घ्या. ६ मिमीची नळी पाव इंची जोडात बसल्यासारखी वाटते, पण गळते.

दोन्ही बाजूंना वेगवेगळे व्हॉल्व्ह ठेवा. एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही बलून जोडले की वळणावर बाहेरच्या बलूनमधली हवा आतल्याकडे पळते आणि छतावर तंबू असलेली गाडी जास्त कलते. तुमच्या गाडीसाठी टी नकोच.

शॉकअपचे बोल्ट लगेच आवळू नका. चाके लावून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. मग १० पीएसआय भरा, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडा, बुडबुडे दिसले तर नळी पुन्हा कापून बसवा. रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा मोजा. पीएसआय-दोन पीएसआय कमी दिसले तर घाबरू नका. बलून लहान असतो, गेज लावताना तेवढी हवा जातेच.

प्रश्न : दाब नेमका किती ठेवायचा? इंदूरहून लडाखला जाणार आहोत. उंचीवर हवा काढावी लागते का? (एक वाचक, विजयनगर, इंदूर)

कॉइलमधल्या बलूनला रिकाम्या गाडीतही किमान ५ पीएसआय हवेत, आणि बहुतेक संचांची कमाल ३५ पीएसआय असते. तुमच्या संचाच्या कागदावरचा आकडा अंतिम समजा. मधला आकडा ओझ्यावरून काढा. मागच्या अ‍ॅक्सलवर १२० किलो जादा आले तर प्रत्येक बाजूला ६० किलो. १०० मिमीच्या बलूनला त्यासाठी सुमारे ११ पीएसआय लागतात, आणि मुळातले ५ धरून झाले १६. भरून झाल्यावर हबपासून मडगार्डपर्यंत मोजा. रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा ५ ते १० मिमी कमी असताना थांबा. पूर्ण उंची मिळवण्याच्या नादात चाकाची मोकळीक घालवू नका.

पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीने भरू नका. एका झटक्यात ३५ ओलांडले जातात. पायपंप किंवा सायकलचा गेजवाला पंप उत्तम.

आता लडाख. इंदूर ५५० मीटरच्या आसपास आहे, इथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १३.८ पीएसआय. ५,३०० मीटरच्या खिंडीत तो ७.६ च्या जवळ येतो. गेज फरक दाखवतो, म्हणून वर गेल्यावर आकडा सहाने वाढायला हवा. पण थंडीमुळे आतली हवा आकसते. इंदुरात ३५ अंशांना भरलेले १६ पीएसआय खिंडीत ५ अंशांना साधारण १९ दिसतील. काढायचे काहीच नाही. उलट तिथे कुणी हवा काढून ८ वर आणली, तर घरी परतल्यावर ती साडेतीनच्या आसपास राहते, म्हणजे किमानाच्याही खाली.

प्रश्न : बसवल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात डावा बलून फुटला. दुकानदार म्हणतो मालात खोट नाही, बसवणारा म्हणतो बसवण्यात नाही. खरे काय? (एक वाचक, महू)

बलून बाहेर काढून धुवा. फुटलेली जागाच उत्तर देईल. कॉइलच्या तारेच्या रेघांवर गोलाकार घासल्याच्या खुणा असतील तर दोष चिखलाचा. काळी माती तार आणि रबर यांच्यामध्ये वाळते, तिच्यातले खडे कानशीसारखे चालतात. चिखलातून आल्यावर चाक न काढता, पाण्याची नळी तारांमध्ये धरून माती निघेपर्यंत धुणे, एवढाच उपाय. एकाच बिंदूवर छिद्र असेल, तेही वरच्या किंवा खालच्या टोकाजवळ, तर चकती घातलेली नाही किंवा धारदार कड राहिली, म्हणजे बसवणाऱ्याची चूक. उभ्या घडीवर चीर गेली असेल तर बलून हवेशिवाय चालवला गेला. रिकाम्या बलूनला प्रत्येक खड्ड्यात कॉइल चिमटते. एका बाजूचे रबर कडक, चकाकते झाले असेल तर सायलेन्सरची धग लागली. डावा-उजवा फरक अनेकदा इथूनच पडतो, कारण धुराचा पाइप एकाच बाजूने जातो. तोंडाच्या साच्याजवळ, जिथे व्हॉल्व्हचा देठ रबरात घट्ट बसवलेला असतो, तिथूनच सुटला असेल आणि वरच्यांपैकी एकही खूण नसेल, तरच मालाची खोट म्हणून दाद मागा. नवा घेताना जोडी घ्या.

प्रश्न : पाट्यांची बोलेरो आहे. सांवेर रोडवरून मशीनचे भाग वाहतो. अ‍ॅक्सलवर दोन वळ्यांचे बलून बसवले तर जास्त माल भरता येईल ना? (एक वाचक, इंदूर)

नाही. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. बलूनमुळे गाडी बसत नाही, म्हणून ती पेलते आहे असे वाटते. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी तेवढ्याच ताकदीचे राहतात. आरसीवर लिहिलेले एकूण वजन हीच सीमा. शिवाय पाट्यांचा भार चासीवर पुढच्या डोळ्यात आणि मागच्या शॅकलवर (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीवर), असा दोन ठिकाणी वाटला जातो. बलूनचा भार मधोमध एकाच ठिकाणी पडतो. जादा माल भरून चालवलेल्या गाडीत तिथेच चासीला तडे जातात. बलूनचा ब्रॅकेट चासीला वेल्ड करू नका, वरच्या-खालच्या पट्टीत नवे भोक पाडू नका. उभ्या बाजूला असलेल्या भोकांत बोल्टने बसवा. दोनेकशे किलोमीटर चालल्यावर ब्रॅकेटचे नि यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा.

दोन मापे घ्या. चाके पूर्ण लोंबल्यावर अ‍ॅक्सल ते चासी किती अंतर पडते, आणि बलून जास्तीत जास्त किती लांब होतो. बलून आखूड पडला तर तो शॉकअपच्या आधी ताणला जातो आणि लोखंडी चकतीतून रबर उपटून येते. तशी वेळ असेल तर लोंबणे रोखणारा पट्टा लावा. फुगल्यावर चारही बाजूंना २५ मिमी मोकळे हवे. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल आधी तिथून हलवा.

आणि ब्रेक. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलवरून एक दांडी चासीवरच्या व्हॉल्व्हकडे जाते. माल भरला की अंतर कमी होते, व्हॉल्व्हला ओझे कळते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. बलूनने भरलेली गाडी रिकाम्या उंचीवर उभी केली की व्हॉल्व्ह गाडी रिकामीच समजतो. मागचे ब्रेक हलके लागतात, पुढचे पॅड तापतात आणि भेरूघाटाच्या उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. वाकून पाहा. दांडी असेल तर माल भरल्यावर २०-२५ मिमी बसू द्या, आणि दांडीचे माप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. हे केल्याशिवाय भरली गाडी घाटात उतरवू नये.

प्रश्न : जुन्या जीपचे पाटे काढून बसचे बलून, टाकी आणि कॉम्प्रेसर लावून चारही बाजूंना पूर्ण हवेचे सस्पेन्शन करायचे आहे. (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

पाटे फक्त ओझे घेत नाहीत, अ‍ॅक्सलला जागेवर धरतात. ते काढले की पुढे-मागे धरायला चार दांड्या आणि आडवे धरायला एक रॉड लागतो. त्यांचे कोन, बुश आणि चासीवरचे ब्रॅकेट यांची आखणी हे अभियंत्याचे काम आहे. अंदाजाने वेल्ड केलेला एक ब्रॅकेट सुटला की अ‍ॅक्सल तिरका होतो, आणि चालत्या गाडीत त्यावर काही इलाज नाही. बसचा बलून बसच्या वजनासाठी असतो. हलक्या जीपखाली तो इतक्या कमी दाबावर चालतो की त्याची वळी नीट उलगडत नाही.

अभियंता सोबत असेल तर उंची राखणारे व्हॉल्व्ह चार लावू नका, तीनच लावा: मागे दोन, पुढे एक. तीन बिंदूंनी पातळी ठरते. चौथा व्हॉल्व्ह बाकीच्या तिघांशी भांडत राहतो आणि हवा सतत भरली-सोडली जाते. टाकीला खाली पाणी सोडण्याचा नळ हवा. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह हवा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर २० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून रिले, बॅटरीजवळच ३० ते ४० अँपिअरचा फ्यूज आणि ६ चौरस मिमीची तार घ्या.

प्रश्न : या कामांना आरटीओची परवानगी लागते का? (एक वाचक, राजवाडा, इंदूर)

मोटर वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीच्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ग्वाल्हेरच्या वाचकांचा बेत थेट याच कक्षेत येतो. कॉइलमधले बलूनही बसवण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवा. अपघातानंतर दाव्याचे कागद तपासताना पहिला प्रश्न तिथूनच येतो.

प्रश्न : बलून असलेल्या गाडीचे मागचे चाक वाटेत बदलताना काही वेगळे करावे लागते का? (एक वाचिका, मांजलपूर, बडोदे)

जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, गोळ्याखाली नाही आणि चासीखालीही नाही. अ‍ॅक्सल उचलला की बलून ताणला जात नाही, आणि हवा काढायचीही गरज पडत नाही. चासीखाली जॅक लावावाच लागला, तर कॉइलमधल्या बलूनची हवा आधी ५ पीएसआयवर आणा, आणि चाक बसवून गाडी खाली टेकल्यावर पुन्हा भरा. त्यासाठी पंप आणि कमी दाबाचा, ० ते ६० पीएसआयचा गेज गाडीतच असू द्या.